शेजारच्या सीटवरचा पाय

पैज लागली ती एका पायावरून, आणि पाय ज्याचा होता त्याला तो हलल्याचा पत्ताच नव्हता. रविवारची संध्याकाळ. बिल्डिंगच्या आवारातलं बाकडं, आणि बाकड्यावर नेहमीचे तीन मेंबर: मास्तर, कॅशियरसाहेब आणि कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानाची मालकीण, जिला लहानथोर सगळे वहिनीच म्हणतात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंगचे. छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, आत शेजारच्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक, आणि त्या सीटवर मास्तर. अशा थाटात त्यांनी अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलेलं. कॅशियरसाहेब बँकेच्या खिडकीमागून रिटायर झालेले. त्यांची स्वतःची एक गाडी आहे. रोख पैसे मोजून घेतलेली, रोज पुसली जाणारी आणि कधीच न चालणारी, कारण साहेबांना गाडी येत नाही आणि शिकायचं धाडस होत नाही. तर त्या संध्याकाळी त्या गाडीचं कव्हर धुवावं की नवीन शिवावं यावर गंभीर चर्चा चाललेली असताना मास्तरांची मुलगी जिना उतरून आली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या सोमवारी माझ्या शिक्षणाच्या कर्जाची शेवटची तारीख आहे. बँक म्हणते जामीनदार म्हणून तुझी सही पाहिजे. आईचा पगार त्यांना पुरत नाही."

"बघू," मास्तर म्हणाले.

"तू गेले तीन आठवडे बघतोयस."

"अगं, बघतोय म्हणजे बघतोयच ना. डोळे मिटून तर नाही बसलो."

मुलगी परत वर गेली. आणि कॅशियरसाहेब हळूच म्हणाले, "दाबला."

"काय दाबला?"

"ब्रेक. पोरगी सही म्हणाली आणि तुम्ही ब्रेक दाबलात, मास्तर. उजवा पाय. फरशीवर. मी बघितला."

"मुंगी होती."

"मुंगी मारायला कुणी टाच टेकवून पंजा दाबतं का," वहिनी म्हणाल्या. "आणि आजचंच नाही. मागे मी म्हणाले ना, दुकान बंद करून फिरायला जावंसं वाटतं, तेव्हाही दाबला होता. मला वाटलं तुमचा पाय दुखतोय."

मास्तरांनी खाली बघितलं. पाय तिथेच होता, चपलेत, निरागस. नोकरीत असताना खिशाला हात लागला की आपण नोटा मोजायला लागायचो, हे कॅशियरसाहेबांनी उदाहरणादाखल सांगितलं, पण त्यांचा आवाज खुशीत आला होता. पुढचं बोलणं कुठे चाललंय ते मास्तरांना कळत होतं आणि तरी ते थांबले नाहीत. थांबायचं कसं हे ज्याला पोटासाठी ठाऊक आहे असा माणूस बाकड्यावर मात्र कधीच वेळेवर थांबत नाही. साहेब म्हणाले, मुलगी गाडी चालवतेय आणि तुम्ही शेजारी बसलाय, अशा स्थितीत तुम्ही तलावापर्यंत जाऊन परत येऊ शकणार नाही, पाय न दाबता. मास्तर म्हणाले, डोळ्यांवर पट्टी बांधून जाईन. साहेब म्हणाले, पट्टी नको, पायाखाली काहीतरी पाहिजे. तेव्हा वहिनी उठून दुकानात गेल्या आणि रबराचं पिवळं बदक घेऊन आल्या. दाबलं की ते असं केकाटायचं की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि कुणीतरी विचारलं, काय झालं. ठरलं. येत्या रविवारी सकाळी, साहेबांच्या गाडीतून, कारण तिच्यात शेजारच्या सीटला ब्रेक नाही. बदक मास्तरांच्या उजव्या पायाखाली, कान साहेबांचे, मागच्या सीटवर. फाटकातून परत आत येऊन मास्तर गाडीतून उतरेपर्यंत बदक गप्प राहिलं तर साहेबांनी संध्याकाळभर फाटकावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलीला सलाम ठोकायचा. बदक बोललं तर साहेबांना गाडीत बसवून मास्तरांनी ती बिल्डिंगभोवती एक फेरी ढकलायची, भर संध्याकाळी, सगळ्यांच्या खिडक्यांसमोर. पंच वहिनी.

रात्री जेवताना बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सहीचं काय ठरलं?" मास्तर म्हणाले, ते वेगळं. बायको म्हणाली, "अहो, वेगळं कसं? तुमचं अंग एकच आहे ना?" आणि भांडी उचलली.

त्या आठवड्यात मास्तर स्वतःच्या उजव्या पायावर पाळत ठेवून राहिले. एखाद्या घरात इतकी वर्षं भाडेकरू असावा, वेळेवर भाडं देणारा, कधी तक्रार नाही, आणि एक दिवस कळावं की हा आपल्या नावाने भलतेच उद्योग करतोय, तसं झालं होतं त्यांचं. राग नव्हता, गंमत वाटत होती, आणि उत्सुकता. सोमवारी दाढी करताना ब्लेड हनुवटीच्या खळीशी आलं आणि खाली पंजा दबला. मंगळवारी दूध उतू जायला आलं, गॅस बंद करायला हात जायच्या आधी पाय गेला. टीव्हीवर दोन माणसं भांडायला लागली, दबला. बायको म्हणाली जरा बोलायचंय, दबला, आणि बोलायचं होतं ते पडद्यांबद्दल. म्हणजे आपल्याला भीती वाटते हे आपल्या आधी पायाला कळतं, असं त्यांच्या लक्षात आलं. आणि मग त्याच्याही खालचं काहीतरी लक्षात यायला लागलं. शिकवण्याच्या धंद्यात मास्तरांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. त्यांचा ब्रेक कळायचा नाही. बाकीचे शिकवणारे खाडकन दाबतात, शिकणाऱ्याचं डोकं काचेकडे जातं, अब्रू जाते, दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. मास्तर असा हळू, लोण्यात सुरी गेल्यासारखा दाबायचे की गाडी सिग्नलच्या रेषेवर अलगद उभी राहायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. "वा, छान थांबवलीत," मास्तर वर म्हणायचे. किती जण असे खूश होऊन घरी गेले. हा त्यांचा आवडता खोडसाळपणा होता, आणि मोठेपणाही. फक्त मुलीवर तो चालला नव्हता. ती त्यांच्या गाडीत थोडे दिवस बसली आणि मग तिने सरळ चौकातल्या दुसऱ्या स्कूलला जाऊन नाव घातलं. मास्तरांचं नाक कापलं गेलं चारचौघांत. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे मी ब्रेक मारायला शिकणारच नाही. माझ्याआधी तू मारतोस." तेव्हा ते हसले होते. पोरीला कळतो म्हणजे पोरगी हुशार, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता.

कर्जाचं ते सगळ्यांना विचारत होते. गाडीत विचारायला बरं असतं. दोघांनाही समोर रस्त्याकडे बघायचं असतं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, हात गुंतलेले असतात, आणि माणूस जे डॉक्टरला सांगणार नाही ते तिसऱ्या गिअरमध्ये सांगतो. सकाळच्या पहिल्या तासाला दातांची एक तरुण डॉक्टरीण यायची. तिला त्यांनी विचारलं, कर्ज काढून शिकलात ना, मग कसं वाटतं? ती आरशात बघत म्हणाली, "मास्तर, नोकरी मी करत नाही. हप्ता करतो. मी नुसती त्याच्याबरोबर जाते." जिथे ती काम करते तिथे न किडलेले दातही किडलेले म्हणायला लावतात. सोडावंसं वाटतं. पण हप्ता म्हणतो, बस. मास्तरांचा पाय शिवशिवला, कारण समोर म्हातारा रस्ता ओलांडत होता. डॉक्टरणीने मात्र स्वतःच अलगद थांबवली गाडी, अगदी छान, आणि म्हणाली, "पण दात बघायला मिळाला ना तोंडात हात घालून, की मी सगळं विसरते. आतलं सगळं दिसतं. आधी मला नुसतं तोंड दिसायचं." मास्तर घरी येईपर्यंत त्यावर विचार करत राहिले. हे जमेत धरायचं की खर्चात? दुपारच्या तासाला एक लांब केसांचा तरुण यायचा. कॉलेज शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर सोडलेलं, वडील आजारी पडले म्हणून. पदवी नाही, कर्ज मात्र अख्खं. आता पार्सल पोचवायची नोकरी मिळणार होती, लायसन असेल तर. त्याला विचारताना मास्तरांना जरा लाज वाटली. तो म्हणाला, "फिटेल हो कधीतरी. बहिणीकडे राहतो, सिगरेट सोडली. पण शेवटच्या वर्षी ते लोक काय शिकवणार होते ते कळलंच नाही, मास्तर. त्याचं व्याज जास्त लागतं." मग चढावर गाडी मागे घसरली आणि दोघांनाही दुसरं काम लागलं.

प्रत्येकाचं ऐकलं की वाटायचं, ठरलं. आणि पुढचा माणूस स्टिअरिंगवर बसला की पुन्हा सगळं न्यूट्रलला. शिवाय मुलीला शिकायचं होतं ते काय, तर शेवाळ. डॉक्टरी नाही, वकिली नाही, कॉम्प्युटर नाही. वनस्पतिशास्त्र, आणि त्यातही भिंतीवरचं, दगडावरचं, कुणी बघत नाही असं हिरवं. कॅशियरसाहेब म्हणालेही होते, शेवाळासाठी कर्ज कशाला, आपल्या पाण्याच्या टाकीवर फुकट आहे, पाहिजे तेवढं घेऊन जा. सगळे हसले होते, मुलगीसुद्धा. मास्तर सगळ्यात जास्त हसले होते, आणि आता आठवून बघताना त्यांना शंका यायला लागली, की तेव्हाही खाली पाय दबलेला असणार.

वहिनींना विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं, कारण वहिनी तर खेळणी विकतात. गुरुवारी बदकाची तालीम करावी म्हणून ते दुकानात गेले. वहिनींनी बदक दिलं, स्टूल दिलं, आणि मास्तर बदकावर पाय ठेवून बसले, तर आत आलेलं एक गिऱ्हाईक आल्या पावली बाहेर गेलं. बोलण्याबोलण्यात निघालं, की वहिनी तत्त्वज्ञान शिकल्यात. कर्ज काढून. दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहून. फेडायला इतकी वर्षं लागली की लग्नातसुद्धा नवऱ्याला आधी तेच सांगितलं, माझ्याबरोबर हेही येतंय.

"तत्त्वज्ञान शिकून बदकं विकता?" मास्तरांच्या तोंडून गेलं.

"भोवरेपण विकते."

"मग फुकटच गेलं म्हणायचं."

वहिनींनी बाहुलीच्या खोक्यावरची धूळ फुंकली. त्यांना राग आलेला नव्हता. त्या खरंच विचार करत होत्या, हिशेब जुळतो का बघत असल्यासारख्या. "पैशाचं म्हणाल तर फुकट गेलं," त्या म्हणाल्या. "पण मास्तर, दुपारी इथे तास-तास कुणी येत नाही. तेव्हा दुकानात मी एकटी नसते."

बदक केकाटलं. "दाबलात," वहिनी म्हणाल्या, "तालीम आहे म्हणून सोडते."

मास्तरांचे वडील शिंपी होते. पायमशीन. दिवसभर त्यांचे पाय टाच-पंजा, टाच-पंजा चालायचे आणि संध्याकाळी मशीन बंद झालं तरी चालतच राहायचे. जेवताना पाटाखाली, पेपर वाचताना खुर्चीखाली, झोपेत पांघरुणाखाली. आई म्हणायची, यांच्या पायाला मशीन बांधलं तर झोपेतसुद्धा दोन शर्ट निघतील. हे मास्तर विसरले होते, आता स्वतःच्या पायाने आठवण करून दिली. आणि त्याच्या मागोमाग ती दुपार आली, जिच्याकडे ते सहसा फिरकत नसत, राग होता म्हणून नव्हे, नुसतं वळण यायचं नाही म्हणून. मास्तरांना जहाजाच्या इंजिनांच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. पतपेढीच्या ऑफिसात पंखा फिरत होता, टेबलावर कर्जाचा कागद, वडिलांच्या हातात पेन, टोपण काढलेलं. टेबलाखाली टाच-पंजा, टाच-पंजा. तरुण मास्तर वरती बघतच नव्हते, ते खाली पायांकडे बघत होते. आणि पाय थांबले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचे पाय थांबलेले त्यांनी पाहिले. मग वरून आवाज आला, टक, पेनाचं टोपण लावल्याचा. "आपल्याला झेपायचं नाही हे," वडील त्या माणसाला म्हणाले, मुलाला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाला आइस्क्रीम घेऊन दिलं. मिसरूड फुटलेला मुलगा आणि शिंपी बाप, भर उन्हात फुटपाथवर उभे राहून आइस्क्रीम खातायत, कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं पास झाला वाटतं. महिन्याभराने वडिलांच्याच एका गिऱ्हाइकाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लावलं.

आणि वाईट काय झालं? काहीच नाही. मास्तरांना हाच प्रश्न आतून खाजवत होता. त्यांना हे काम आवडतं. लोक आवडतात, लोकांची पहिल्यांदा गाडी सुटल्यावरची तोंडं आवडतात. जहाजावर असते तर ही बायको नसती, ही मुलगी नसती, हे बाकडं नसतं. दुसरंच कायतरी असतं, त्यात दुसरेच कॅशियरसाहेब असते, दुसरीच पैज. त्याची चक्कर मारून बघता येत नाही. गाडी घेताना दुकानदार म्हणतो, एक फेरी मारून बघा साहेब, आवडली तर घ्या. याची फेरी नाही. एकदा खरोखरचा जहाजाचा इंजिनिअर त्यांच्याकडे गाडी शिकायला आला होता. समुद्रावर अख्खं गाव हाकणारा माणूस, चौकात घामाघूम. मास्तरांनी त्याला इतक्या वर्षांचं साठलेलं एकच विचारलं, "जहाजाला ब्रेक असतो का हो?" तो म्हणाला, "नाही. इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची." त्या दिवशी मास्तर दिवसभर आपल्याशीच हसत होते. म्हणजे माझी नोकरीच नव्हती तिथे, असं म्हणाले होते घरी येऊन. बायकोला विनोद कळला नव्हता. आता त्यांना तो स्वतःलाच नीट कळत नव्हता. वडिलांनी टोपण लावलं ते बरोबर की चूक, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता कळत होतं की ते विचारायला मधे दुसरा कागद यावा लागतो. वडिलांना व्याज परवडलं नसतं हे खरंच होतं. पण पाय का थांबले? हप्त्याच्या भीतीने, की मुलगा लांब जाईल या भीतीने? टेबलाखाली फक्त पाय दिसत होते. तोंड दिसलं असतं तर कदाचित कळलं असतं.

रविवारी सकाळी कव्हर निघालं तेव्हा बिल्डिंगमधली मुलं गाडी बघायला जमली. बरेच जण ती पहिल्यांदाच उघडी बघत होते. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनींनी बदक मास्तरांच्या उजव्या बुटाखाली ठेवलं, शिवून बघितलं, डाव्या पायाने मदत करायची नाही म्हणून दम दिला. मुलीने आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, पट्टा लावला. हे सगळं तिने दुसऱ्या स्कूलच्या पद्धतीने केलं, आधी आरसा मग सीट, आणि मास्तरांनी जीभ चावली. गाडी फाटकाबाहेर पडली.

पाय हवेत ठेवता येत नाही आणि टेकवता येत नाही. बदकाच्या पाठीवर बुटाचा तळवा लागलेला, त्याच्या पोटातली हवा त्यांना कळत होती, कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी. पहिल्याच वळणावर बस अंगावर आली. मास्तरांच्या पोटरीत काहीतरी वळलं, मांडीपर्यंत गेलं, आणि त्यांनी बुटाच्या आत अंगठा वर उचलून धरला. बूट खाली, अंगठा वर. हीच युक्ती. मग सायकलवाला आला, सिग्नल पिवळा झाला, दुकानातून कुत्रं निघालं, रिव्हर्स घेणारा एक टेम्पो, आणि प्रत्येक वेळी अंगठा वर, पोटरी दगड. मागून साहेबांचं डोकं दोन्ही सीटच्या मधे आलेलं, कान खाली. "शांतता आहे," ते मधूनमधून निराशेने म्हणत. मास्तरांना आश्चर्य याचं वाटत होतं की गाडी थांबत होती. त्यांनी न दाबता. सायकलवाल्यापाशी थांबली, कुत्र्यापाशी थांबली, त्यांच्या मनात जिथे थांबायला हवी होती तिथून थोडी पुढे किंवा थोडी मागे, पण थांबत होती. शेजारी कुणीतरी दुसरंच थांबवत होतं. त्यांनी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलीचा पाय बघितला. बारीक, बिनघाईचा. तिची आजी म्हणायची तसा घरातल्या कुणासारखा नसलेला.

तलावावर पोचल्यावर पैज थोडा वेळ थांबवावी असं तिघांच्या मताने ठरलं. साहेब पाण्याकडे बघत उभे राहिले, स्वतःच्या गाडीतून कुठेतरी येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मुलगी बांधाच्या भिंतीशी गेली आणि खिशातून छोटं भिंग काढलं. "बाबा, इकडे ये. डोळा अगदी जवळ आण. अजून." मास्तरांना आधी नुसतं हिरवं दिसलं. मग श्वास धरला आणि दिसलं. झाडं होती. उभी, दाट, टोकाला लालसर बोंडं धरलेली, बुंध्याबुंध्यात अंधार असलेली, आणि एका पानावर पाण्याचा थेंब, त्यात आभाळ. एक किडा चालला होता, वाट काढत, हत्तीसारखा. मास्तर बराच वेळ बघत राहिले. गुडघे दुखायला लागले तरी.

"याचं पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे शिकून. नोकरी."

"माहीत नाही बाबा. काही जणांना मिळते. काही शिकवतात. काही वेगळंच करतात."

"माहीत नाही, मग कर्ज कशाला?"

"माहीत असतं तर शिकायला कशाला गेले असते?"

हे उद्धटपणे म्हटलेलं नव्हतं. भिंग पुसत म्हणाली. मास्तरांनी पुन्हा भिंतीकडे बघितलं. भिंगाशिवाय ती नुसती ओलसर, कळकट भिंत होती, आणि त्यांना वाटलं, आता मला हे कधी नुसतं दिसायचं नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. अंगठा वर. चौक, पूल, शाळेसमोरचा उंचवटा, अंगठा वर. फाटक दिसलं तेव्हा साहेबांनी उसासा टाकला आणि सलाम ठोकायचा सराव म्हणून हात कपाळाला लावून बघितला. वहिनी बाकड्यावरून उठून आल्या. गाडी आत शिरली, कव्हराच्या जागी येऊन अलगद उभी राहिली, इतकी अलगद की मास्तरांनाही दाद द्यावीशी वाटली. मुलीने इंजिन बंद केलं. किल्ली काढली, मुठीत धरली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, सही नको करूस."

"काय?"

"अख्ख्या रस्ताभर तू अंगठा वर धरून बसला होतास. बुटाचं टोक फुगलेलं दिसत होतं मला. घाम आलाय तुला. माझं शिक्षण होईपर्यंत आणि पुढे फिटेपर्यंत तू असाच बसणार. मला नाही बघवणार. मी उद्या सांगून टाकते त्यांना, यंदा नाही. इथेच कुठेतरी काम बघते."

बदक केकाटलं.

उभ्या गाडीत, बंद इंजिनात, समोर भिंत. ते एकदा केकाटून थांबलं नाही. मास्तरांचा पाय त्याच्यावर दाबून बसला होता, पूर्ण, टाच टेकवून, पंजा खाली, जसा त्यांनी आयुष्यात एक-दोनदाच दाबला असेल, मूल चेंडूमागे रस्त्यात आलं तेव्हा. बदक हवा संपेपर्यंत ओरडलं आणि मग बारीक सूर काढत गप्प झालं. मास्तर बुटाकडे बघत राहिले. पोरगी थांबत होती, आणि पायाने तिचं थांबणंच थांबवलं होतं. त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून.

"उतरला नव्हता," साहेब मागून ओरडले, "दार उघडलं नव्हतं, मी साक्षीला आहे."

"गाडी उभी होती," मुलगी म्हणाली. "पैज संपली होती."

वहिनींनी खिडकीतून डोकं आत घातलं, बदक बघितलं, मास्तरांचं तोंड बघितलं. "उतरेपर्यंत असं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "मास्तर हरले. मास्तर, तुमचं काही म्हणणं?"

"काही नाही. दाबला मी," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी सगळ्या खिडक्यांतून माणसं होती. साहेब मागच्या सीटवर, इस्त्रीचा दुसरा शर्ट, काच खाली करून एक हात बाहेर. त्यांना चालवता येत नसल्यामुळे स्टिअरिंगवर मुलगीच बसली. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली, गिअर न्यूट्रल. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, बुटाची टोकं फरशीच्या फटीत रोवली आणि खांदा डिकीला लावला. बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, कंबर सांभाळा," आणि कुणीतरी शिट्टी मारली. गाडी आधी हललीच नाही. साहेब आतून म्हणाले, रोख घेतलेली आहे, वजन असणारच. मग ती कळेना अशी सरकली, मग थोडीशी, मग चाकं फिरायला लागली, आणि मास्तरांचे पाय चालायला लागले, टाच-पंजा, टाच-पंजा.

डिकीला गाल लावून ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. बंपर दिसतो, फरशी दिसते, स्वतःचे बूट दिसतात. मास्तरांना हे आधी ठाऊक नव्हतं. गाडीच्या या बाजूला ते कधी उभेच राहिले नव्हते. इथे ब्रेक नव्हताच. अंगठ्याला करायला काही नव्हतं. साहेब खिडक्यांकडे हात हलवत होते, कुणी कुणी सलाम करत होतं. पहिला कोपरा आला असावा, कारण गाडी वळायला लागली आणि मुलीने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, पुढे मुलं खेळतायत. थांबवू?"

"मला काय विचारतेस," मास्तर धापा टाकत म्हणाले. "मला दिसतंय का इथून? ब्रेक तुझ्याकडे आहे."

तिने हळू केली, मुलं बाजूला झाली, गाडी पुढे निघाली. टाकीखालच्या भिंतीवरचं हिरवं मास्तरांच्या कोपराला घासून गेलं, ओलं, गार. शर्टाला डाग पडला.

"आणि ऐक," ते डिकीशीच बोलल्यासारखं बोलले, पण आवारात सगळ्यांना ऐकू गेलं. "उद्या बँकेत जाताना पेन तू घे. टोपण असलेलं नको."

वरती क्षणभर कुणाला कळलं नाही. मुलीला कळलं की नाही हे मास्तरांना दिसायचं कारण नव्हतं. पण गाडी एकाएकी हलकी लागायला लागली, आणि कॅशियरसाहेबांनी पुढे वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या गाडीचा हॉर्न वाजवला.